रंभाबाईचा डावा हात

कोळवण,
९ मार्च २०२५

चि. मेधा,

तू जाऊन दीड महिना झाला. वरची खोली रिकामीच आहे. फोन करणार होते, पण रेंज धरायला गच्चीत जावं लागतं आणि बोलताना मी अर्धं विसरते. अंगणवाडीत एकतीस वर्षं रजिस्टरं भरली, त्यामुळे लिहायला बसलं की सगळं ओळीनं आठवतं. म्हणून मेल करते आहे. शिवाय त्याला चित्र जोडता येतं.

तू ठेवून गेलेला जुना लॅपटॉप नीट चालतो. चार्जरची वायर सैल झाली होती, तिला रबर गुंडाळलंय. दुपारची भांडी झाली की मी बसते, ते चारला धार काढायची वेळ होईपर्यंत. आमच्या ह्यांचं म्हणणं, रिटायर झालेली माणसं देवळात जातात आणि तू माउस धरून बसतेस. असं म्हणतात आणि मग मागे उभे राहून बघतात.

आठ महिने तू आमच्याकडे भाड्यानं राहिलीस, त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मला हे शिकवलंस. तेव्हा वाटायचं, पोरगी आहे तोवर चालेल, ती गेली की सुटेल. सुटलं नाही. अंगणवाडीत मी ब्रशनं तक्ते काढायचे. एक रेघ चुकली की तक्ता वाया. इथे रेघ ओढायचीच नाही. ठिपके ठेवायचे आणि मधली रेघ आपोआप ताणली जाते. मग ठिपक्याला फुटतात त्या दोन मिशा धरून तिला हवी तशी वाकवायची. पंधरा दिवसांनी वाटलं तर पुन्हा वाकवायची. इतकं मागे फिरता येणारं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

परवा एसटीच्या थांब्यासाठी वेळापत्रक केलं. जुनं उन्हानं पुसून गेलं होतं. वर एक लाल गाडीही काढली. कंडक्टरनं ते बघून विचारलं, "मावशी, ही गाडी कुटल्या डेपोची? हिला सगळ्या काचा हायेत." पण वेळा बरोबर आहेत म्हणाला.

आता एक विचारायचं होतं. अंगणवाडीतल्या मुलांची उंची मोजायला मी बांबूची पट्टी काढते आहे, दहा सेंटिमीटरला एक पेर. स्क्रीनवर ती वीतभर दिसते. छापताना चार फूट करायची आहे. फोटो मोठा केला की फुटतो तशी ही फुटेल का?

जेवण वेळेवर घेत जा.

अनुसयाकाकू


बेंगळुरू,
१६ मार्च २०२५

प्रिय काकू,

नमस्कार. तुमचा मेल ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचला आणि काचा असलेल्या गाडीवर एकटीच हसले. वेळापत्रक उत्तम झालंय. फक्त पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या आणि आतल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्या यांना दोन वेगळे रंग द्या, म्हणजे घाईत बघणाऱ्याला सोपं जाईल.

बांबू फुटणार नाही. फोटो म्हणजे लहान लहान रंगीत चौकोन असतात, मोठा केला की ते चौकोनच मोठे होतात. तुमच्या फाइलमध्ये चौकोन नाहीतच. तिथे फक्त एवढंच लिहिलेलं असतं की हा ठिपका इथे, तो तिथे, आणि मधली रेघ अशी वाकते. चार फूट करा, नाही तर पाण्याच्या टाकीएवढं करा, कॉम्प्युटर तेच ठिपके धरून नव्यानं काढतो. बिनधास्त छापा.

बाकी इथे सगळं छान आहे. आम्ही खाण्याच्या वस्तूंची खोकी, पाकिटं डिझाइन करतो. दिग्विजय म्हणून आमचे हेड आहेत, कोल्हापूरचे. माणूस कमी बोलतो, पण कामाची नजर आहे. माझं काम त्यांना आवडतंय असं दिसतंय.

काकांना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, माउस धरणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहायचं नसतं.

मेधा


कोळवण,
२० जुलै २०२५

चि. मेधा,

मध्ये चार महिने गेले. तुझे दोन ओळींचे मेल मिळत होते, तू कामात आहेस हे कळत होतं. मीही भाताच्या लावणीत होते.

बांबूची पट्टी पिरंगुटला छापून आणली आणि अंगणवाडीत लावली. आता माझ्या जागी सृष्टी नावाची मुलगी सेविका आहे. ती सांगते, पोरं रोज सकाळी पट्टीला पाठ लावून उभी राहतात, एका रात्रीत वाढ झाली का बघायला. तिनंच मला पुढचं काम दिलं. म्हणाली, "बाई, भात ताटात कुठून येतो ते पोरांना दाखवायचंय. अर्ध्या पोरांच्या घरची जमीन गेली, त्यांनी चिखल बघितलेला नाही." त्यासाठी मी बारा चित्रं काढायला घेतली आहेत, रोपापासून ताटापर्यंत. सात झाली.

सातवं लावणीचं आहे. त्यात शेजारची रंभाबाई काढली आहे. तू वर राहायचीस तेव्हा सकाळी तुला चुलीवरचं पाणी आणून द्यायची ती. तिला डोळ्यांपुढे ठेवायला मी तीन दिवस बांधावर बसले. आजवर तिच्या शेजारी वाकून किती वर्षं लावणी केली, पण काढायला बसल्यावर कळलं की मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. ती डावरी आहे. रोपांची मूठ उजव्या हातात आणि लावते डाव्यानं. म्हणून ती नेहमी रांगेच्या डाव्या टोकाला उभी राहते, नाही तर शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागतं.

लहानपणी जेवताना तिचा डावा हात फडक्यानं पाटाला बांधून ठेवायचे. लग्न होऊन इथे आली, तर सासूनं पंगतीत वाढायला कधी उभं केलं नाही. डाव्या हातानं वाढलेला भात कोण खाणार? पन्नास वर्षं भात लावला, कापला, झोडला तो त्याच हातानं, त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही. हे तिनं रडून सांगितलं नाही. रोपं मोजल्यासारखं सांगितलं.

मी चित्राची एक छापील प्रत तिला दिली. तिनं चित्रातल्या हातावर आपला हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "अनुसये, ही मीच हाय." प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं ते टीव्हीच्या मागच्या भिंतीला टाचलं आहे.

सोबत चित्र पाठवते. हातातलं बांगड्यांचं मला जमलेलं नाही. बांगडी आणि मनगट यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट राहते.

अनुसयाकाकू


बेंगळुरू,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय काकू,

चित्र बघितलं. मी गेले आठ दिवस रोज ते उघडून बघते आहे.

हे शिकवून येत नाही. मी तुम्हाला साधनं दाखवली, पण त्या बाईच्या पाठीची ती एक रेघ मला पाच वर्षं शिकून काढता आलेली नाही. किती ठिपके वापरलेत त्या पाठीला? मला बघायचं आहे. तुम्ही पाठवलं ते नुसतं चित्र आहे, त्यात ठिपके दिसत नाहीत. मूळ फाइल पाठवाल का? सगळ्या लेयर सुट्या असलेली. बांगडीची फटही बुजवून दाखवते.

शक्यतो सोमवारच्या आत पाठवा, मंगळवारपासून मला वेळ नाही.

मेधा


कोळवण,
३ ऑगस्ट २०२५

चि. मेधा,

फाइल जोडली आहे. पाठीला चार ठिपके आहेत. आधी एकोणीस होते, रोज एक-दोन कमी करत गेले.

लेयरची नावं मी आपल्या सोयीनं दिली आहेत, हसू नकोस. "रंभाबाई", "रंभाबाईची सावली", "चिखल पुढचा", "चिखल मागचा", "आभाळ (नको वाटलं तर काढ)".

अनुसयाकाकू


कोळवण,
२८ सप्टेंबर २०२५

चि. मेधा,

फाइल पाठवल्यावर तुझं काहीच आलं नाही. मिळाली ना, एवढंच कळव असा एक मेल टाकला होता, त्यालाही उत्तर नाही. तब्येत बरी असेल असं धरून चालते. आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे आणि ते तुला लवकर कळायला हवं.

माझा भाचा किशोर उरवड्याला खोकी छापणाऱ्या कारखान्यात आहे. छपाईत वाया गेलेली खोकी तो कधीकधी घरी आणतो, आम्ही कपाटाच्या फळ्यांवर पसरतो. काल त्यानं आणलेल्या गठ्ठ्यात तयार खिचडीची खोकी होती. त्यावर रंभाबाई आहे.

आधी मला वाटलं, वाकलेल्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून मी लॅपटॉप शेजारी ठेवून पडताळलं. पाठ तीच. चिखलातले तरंग तेच. मनगटाजवळची पांढरी फटही तीच आहे. फक्त चित्र उलटं केलंय, आरशात दिसतं तसं. त्यामुळे ती उजव्या हातानं रोपं लावते आहे. पण उलटं करणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की त्याबरोबर पदरही उजव्या खांद्यावर गेला आणि चमकी उजव्या नाकपुडीत गेली. आपल्याकडची कुठली बाई अशी असते?

ही फाइल माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे आहे. माझा लॅपटॉप घराबाहेर गेलेला नाही. म्हणजे तुझ्याकडून कोणीतरी घेतलेली दिसते. तुझ्याच ऑफिसातलं कोणी असेल. तू भोळी आहेस, स्क्रीन उघडी टाकून उठून जातेस, इथेही जायचीस. तुझ्या त्या दिग्विजयसरांना सांगून ठेव. उद्या तुझं स्वतःचं कामही असंच उचलतील.

किशोरनं मला न विचारता ते खोकं रंभाबाईलाही दाखवलं. त्याला वाटलं, तिला आनंद होईल. तिनं नीट बघितलं आणि परत दिलं. म्हणाली, "ही मी न्हाई. हिचा उजवा चालतोय."

किशोर म्हणाला, "आगं आजी, तूच हायेस. नुसती फिरवलीया."

ती म्हणाली, "मला बी लई जणांनी फिरवायला बघितलं हुतं."

मग शेण काढायला निघून गेली.

तुझ्या उत्तराची वाट बघते.

अनुसयाकाकू


बेंगळुरू,
९ ऑक्टोबर २०२५

काकू,

फाइल कोणी चोरली नाही. मीच वापरली.

हे पत्र मी तीनदा लिहून खोडलं. प्रत्येक वेळी ते माझ्या अडचणींचं पत्र होत होतं. आता जसं घडलं तसं लिहिते.

नोकरी छान चालली आहे असं मी तुम्हाला मार्चमध्ये लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. मला सहा महिन्यांसाठी तपासून बघायला घेतलं होतं आणि ऑगस्टमध्ये ठरणार होतं. खिचडीच्या खोक्यासाठी मी चौदा चित्रं काढली. दिग्विजयसर एकेक बघून बाजूला ठेवायचे. ओरडत नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण हे कुणी बघून काढलेलं नाही."

तुमची फाइल मी खरंच ठिपके बघायला मागितली होती. निदान मागताना तसंच वाटत होतं. सोमवारी ती स्क्रीनवर उघडी होती. सर मागून गेले, थांबले आणि म्हणाले, "हे. हे चालेल." मी काही बोलले नाही. काकू, मी केलं ते एवढंच. त्या क्षणी गप्प बसले. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून आपोआप होत गेलं.

पण पुढच्या एका गोष्टीला आपोआप म्हणता येणार नाही. खिचडीच्या कंपनीच्या माणसांनी चित्र पसंत केलं आणि विचारलं, बाई डाव्या हातानं का लावते? खाण्याची वस्तू आहे, लोकांना बरं वाटणार नाही. मला रंभाबाईंचं सगळं माहीत होतं, तुम्ही लिहिलं होतंत. चित्र उलटं करायला एक कळ दाबावी लागते. मी मीटिंगमध्ये त्यांच्यासमोरच दाबली. ते खूश झाले. पदराकडे आणि चमकीकडे माझं लक्षही गेलं नाही. आणि घरी येऊन लेयरची तुमची नावं काढून "बाई ०१" असं लिहिलं. सावलीला "सावली ०१".

मला नोकरीत कायम केलं. तेव्हापासून तुम्हाला मेल लिहायला बसले की पहिली ओळच सुचत नव्हती.

तुम्ही मला भोळी म्हणालात, ते सारखं आठवतं.

मेधा


कोळवण,
१२ ऑक्टोबर २०२५

मेधा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

मला राग आलेला आहे. तो लपवून वर काळजी घे असं लिहिणं मला जमणार नाही, म्हणून आधीच सांगितलं. गेले तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. दुपार रिकामी गेली.

मी आधी माझ्यापुरतं बोलते. तू विचारलं असतंस तर मी चित्र दिलं असतं. तुला हे पक्कं माहीत होतं, म्हणून मला ते जास्त लागलं. खोक्यावर माझं नाव असावं अशी इच्छा मला नव्हती आणि आजही नाही. मी ही चित्रं नावासाठी काढत नाही.

आता रंभाबाईचं. ती सत्तरीची आहे. तिचा एक फोटो धड नाही, आधार कार्डावर ती ओळखू येत नाही. ते एक चित्र तिला आपलं वाटलं होतं. खोकं बघितल्यापासून तिनं टीव्हीमागचं चित्र काढून ठेवलंय. मी विचारलं का, तर म्हणाली, "दोन दोन कशाला? एक कायतरी खरं असंल, एक खोटं. लोकांना ते खरं वाटतंय."

तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही. पण ते चित्र कुणाचं आहे आणि त्यातली बाई कुठल्या हातानं लावते, हे तुझ्या सरांना तू सांगावंस. मी कळवणार नाही. ते तुझं काम आहे. आणि खोकी पुन्हा छापतील तेव्हा रंभाबाईला एक तर सुलट करावं, नाही तर तिथून काढून टाकावं. उलटी ठेवू नये.

यापुढे काढलेली चित्रं तुला दाखवीन, पण मूळ फाइल देणार नाही. हे तुला लागेल. मलाही लिहिताना बरं वाटत नाही.

अनुसया


बेंगळुरू,
२५ ऑक्टोबर २०२५

काकू,

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सरांना सांगितलं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, कळ दाबल्याचंही. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या बाई तक्रार करणार आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तू का सांगतेस?"

मी म्हटलं, त्या तक्रार करणार नाहीत म्हणूनच. सर म्हणाले, "चौदा चित्रांनंतर अचानक पंधरावं असं कसं आलं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मला ते हवं होतं म्हणून मी विचारलं नाही."

कंपनीच्या माणसांशी ते स्वतः बोलले, मला समोर बसवून. चित्र सुलट करायला कंपनी तयार नाही. डावा हात नकोच म्हणाले. सरांनी सांगितलं, मग बाई काढून टाकावी लागेल, मूळ चित्र काढणाऱ्यांची तशी अट आहे. अर्धा तास वाद झाला. शेवटी पुढच्या छपाईपासून नुसत्या भाताच्या लोंब्या येणार. त्या मीच काढल्या आहेत, बऱ्या आहेत. जी खोकी छापून झाली ती मात्र दुकानांत जाणार, ती थांबवता आली नाहीत.

मला कायम केलं होतं ते मागे घेऊन मार्चपर्यंत पुन्हा तपासणीवर ठेवलंय आणि खिचडीचं काम काढून घेतलंय. मला हे कमीच वाटतं.

सरांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. कंपनीच्या दुसऱ्या मालासाठी त्यांना अशीच सहा चित्रं हवी आहेत. रीतसर करार करतील, मानधन देतील, तुमचं नाव छापतील. मला मध्ये घेऊ नका, हवं तर थेट बोला. नंबर खाली दिला आहे.

आणि मला कोळवणला यायचं आहे. येऊ का?

मेधा


कोळवण,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. मेधा,

तू सांगितलंस हे बरं केलंस.

तुझ्या सरांना माझा नकार कळव. वाईट वाटून घेऊन नकार देत नाही, त्यांनी भांडून चित्र खोक्यावरून हटवायला लावलं याबद्दल त्यांना धन्यवाद सांग. पण सहा चित्रं अमुक तारखेला द्यायची म्हटलं की माझी दुपार त्यांची होईल. कालचंच बघ. म्हशीच्या शिंगाला मी अडीच तास बसले होते. शिंग नुसतं वाकत नाही, वाकता वाकता पीळही खातं. सहा ठिपक्यांवर ते बरं दिसत होतं, पण मला ते तीनवर आणायचं होतं. आलं नाही. आज पुन्हा बसेन. ते आलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही आणि आलं तर ते फक्त मला कळणार आहे. हे मला कराराखाली करता येणार नाही. छंद म्हणजे काय हे मला साठीनंतर कळलं, ते लगेच नोकरीला लावायचं नाही.

बारापैकी अकरा चित्रं झाली. ताटाचं तेवढं राहिलंय.

येतेस तर ये. भातकापणी सुरू आहे, घरी निवांत कोणी नसतं, पण खोली झाडून ठेवते. रंभाबाईला मी सगळं सांगितलंय, तुझं नाव घेऊन. तिच्याकडे तू जा. मी सोबत येणार नाही. मी असले की ती माझ्याकडे बघून बोलेल.

अनुसयाकाकू


बेंगळुरू,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय काकू,

काल इथे परत पोचले. मी दोन दिवस राहिले, पण रंभाबाईंकडे काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मला ते आधी नीट आठवून बघायचं होतं. आता लिहिते.

मी गेले तेव्हा त्या घरी नव्हत्या. ओढ्याकडच्या खाचरात एकट्याच कापत होत्या. मी बांधावर उभी राहिले. येताना गाडीत रात्रभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. मी म्हटलं, "रंभाबाई, मी मेधा. वरच्या खोलीत राहायची."

त्या वर न बघता म्हणाल्या, "वळखलं. पाणी कडक लागायचं तुला."

मग मी बोलले. चित्र मी उलटं केलं, मला माहीत असून केलं, हे सांगितलं. माफी मागितली. त्या कापत होत्या. मूठभर धान कापून झालं की मागे ठेवायच्या आणि एक पाऊल पुढे सरकायच्या, त्यामुळे मलाही बांधावरून त्यांच्याबरोबर सरकत सरकत बोलावं लागलं. माझं बोलून संपलं तेव्हा खाचराचा कोपरा आला होता.

त्यांनी कंबर सरळ केली आणि विचारलं, "कशापायी फिरवलं? तुला डावा आवडत न्हाई?"

मी म्हटलं, "मला तसं काही नाही. समोरच्या माणसांना आवडणार नाही म्हणून."

"त्येनला तू काय म्हनलीस?"

"काहीच नाही."

"आमची आई बी काय म्हनायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आजी हात बांधायची, आई बगायची. तिला बी तसं काय नव्हतं."

काकू, त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. मी चप्पल काढून खाचरात उतरले आणि त्यांच्या हातातला विळा घ्यायला हात पुढे केला. मला वाटलं, निदान थोडं कापून द्यावं. त्यांनी विळा मागे घेतला.

"ह्यो न्हाई चालायचा तुला. ह्येचे दात उलटे हायेत, पौडाच्या लोहाराकडनं करून घेतलाय." त्यांनी बांधावरच्या टोपलीतून दुसरा काढला आणि माझ्यापुढे धरला. मग मध्येच थांबून विचारलं, "तुझा कुटला हात चालतो?"

"उजवा."

"मग उजव्यानं काप," त्या म्हणाल्या. "तुला हितं कोन काय म्हननार न्हाई."

मी उन्हं उतरेपर्यंत कापत होते. त्यांनी मला आपल्या उजव्या बाजूला उभं केलं होतं, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही.

मेधा